विनोदिनी दासी : नाव आणि निवेदन

बंगाली रंगभूमीच्या इतिहासात विनोदिनी दासी हिचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. १८७४ ते १८८६ या बारा वर्षांत ती कलकत्त्याच्या सार्वजनिक रंगभूमीवरील सर्वांत नावाजलेली नटी होती, हे एक. आणि १९१२ साली तिने ‘आमार कथा’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले, हे दुसरे. नाट्येतिहासकार पहिल्या कारणाला वजन देतात, साहित्याचे अभ्यासक दुसऱ्याला. वस्तुतः ही दोन्ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत. रंगभूमीवर असताना जे तिला कबूल करण्यात आले आणि पुढे देण्यात आले नाही, त्याची नोंद करण्यासाठी तिने पंचवीस वर्षांनी लेखणी हाती घेतली. आणि ती नोंद कोणत्या शब्दांत व्हावी यावरही तिला आपल्या गुरूशी वाद घालावा लागला. हा दुसरा वाद पहिल्या वंचनेइतकाच महत्त्वाचा आहे.

विनोदिनी रंगभूमीवर आली त्या वेळी कलकत्त्यातील नाटकात स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी की नाही, हा प्रश्न नुकताच निकालात निघाला होता. निदान व्यवहारापुरता तरी. डिसेंबर १८७२ मध्ये नॅशनल थिएटरने तिकिटे लावून दीनबंधु मित्रांचे ‘नीलदर्पण’ केले तेव्हा त्यातील सर्व स्त्रिया पुरुषच होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८७३ मध्ये, बेंगॉल थिएटरने माइकल मधुसूदन दत्तांच्या ‘शर्मिष्ठे’त चार स्त्रिया उभ्या केल्या. स्त्रियांना घ्यावे असा आग्रह खुद्द मधुसूदनांचा होता; प्रयोग पाहायला मात्र ते उरले नव्हते, जूनमध्येच त्यांचे निधन झाले होते. ईश्वरचंद्र विद्यासागर या नाट्यगृहाच्या सल्लागार मंडळावर होते. नट्या घ्यायचे ठरल्यावर ते मंडळातून बाहेर पडले. विधवाविवाहासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने असे करावे याचे आजच्या वाचकाला नवल वाटेल. परंतु त्या वेळी रंगभूमीवर येऊ शकणाऱ्या स्त्रिया एकाच वस्तीतून येणार, हे सर्वांना ठाऊक होते. सुधारणेच्या चळवळीने कुलीन घरातील स्त्रीसाठी जे दार उघडले होते, त्यातून या स्त्रियांना आत घ्यायचे नव्हते.

मराठी वाचकाला या घटनाक्रमाकडे पाहताना एक विलक्षण उलटापालट दिसते. १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले आणि भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा पाहून प्रेक्षक वेडावले. त्यानंतर दोनच वर्षांनी कलकत्त्यात एक स्त्री निमाईची, म्हणजे तरुण चैतन्याची, भूमिका करीत होती आणि प्रेक्षागृहात माणसे हुंदके देत होती. मराठीत स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या झाल्या, नाही असे नाही. परंतु प्रतिष्ठित रंगभूमीवर स्त्रीपुरुषांनी एकत्र उभे राहणे ‘आंधळ्यांची शाळा’ येईपर्यंत, म्हणजे १९३३ पर्यंत, रुळले नाही. मराठीने स्त्रीला बाहेर ठेवून स्त्रीत्वाचा एक संकेत घडविला आणि त्याला बालगंधर्वांच्या रूपाने कळसाला नेले. बंगालीने स्त्रीला आत घेतले, पण तिच्यावरचा शिक्का पुसला नाही. यातले कोणते अधिक न्यायाचे झाले, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

विनोदिनीचा जन्म १८६३ च्या सुमारास कलकत्त्यातील कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरच्या आजीच्या घरात झाला. घरात आजी, आई, ती आणि धाकटा भाऊ. खोल्या भाड्याने देऊन येणाऱ्या पैशावर संसार चालायचा, आणि तो चालत नसे. भाऊ पाचेक वर्षांचा असताना त्याचे लग्न लावून देण्यात आले, ते सुनेच्या अंगावरील दागिने मोडून काही दिवस निभावेल म्हणून. तो लवकरच वारला. स्वतःचेही लग्न लहानपणी लागल्याची अंधुक आठवण तिने सांगितली आहे. तो मुलगा पुढे त्याच्या नातलगांनी नेला आणि पुन्हा दिसला नाही. ही सगळी हकीकत तिने थोडक्यात आणि कसलाही आक्रोश न करता लिहिली आहे. ज्या समाजात विवाह ही स्त्रीची ओळख, त्या समाजात विवाह लागूनही तिला ती ओळख मिळाली नाही, एवढे त्यातून कळते.

त्याच घरात गंगाबाई नावाची एक गाणारी भाडेकरू राहायला आली. विनोदिनीचा आणि तिचा जीव जडला. गाणे विनोदिनी तिच्याकडेच शिकली. गंगाबाईचे गाणे ऐकायला येणाऱ्या दोघा गृहस्थांनी या पोरीलाही नाटकात घालावे असे सुचविले, आणि १८७४ मध्ये वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी ती दरमहा १० रुपयांवर ग्रेट नॅशनल थिएटरात दाखल झाली. पहिली भूमिका अगदी लहान होती. ‘वेणीसंहारा’वर बेतलेल्या ‘शत्रुसंहार’ नाटकात ती द्रौपदीची सखी झाली. विंगेत उभी असताना पाय कसे लटपटत होते, दिव्यांच्या उजेडात समोरची माणसे कशी दिसली, बोलून परत येताना टाळ्या ऐकून त्या कशासाठी हेही कसे कळले नाही, याचे तिने केलेले वर्णन भारतीय नटांच्या आत्मकथनांतील अशा प्रसंगांच्या वर्णनांत फार वरच्या दर्जाचे आहे. पुढे थोड्याच अवधीत ती नायिका झाली.

१८७५ मध्ये ही मंडळी उत्तरेच्या दौऱ्यावर निघाली. दिल्ली, लाहोर, लखनौ, वृंदावन अशा मुक्कामांच्या तिच्या आठवणींत मुलाचे कुतूहल आहे. लखनौचा प्रसंग मात्र इतिहासात जाऊन बसला आहे. ‘नीलदर्पणा’त तोराप हा रयत रोग साहेबाला खाली पाडून बुकलतो, त्या जागी प्रेक्षकांतील गोरे लोक खवळून उठले, काही जण तलवारी उपसून रंगमंचाकडे धावले, नट-नट्या आत पळाल्या आणि खेळ बंद पडला. विनोदिनी त्या प्रयोगात होती. नाटकावर सरकारी अंकुश ठेवणारा कायदा १८७६ साली झाला, त्यामागे ग्रेट नॅशनलच्याच इतर काही खेळांचा हात होता. बारा वर्षांच्या मुलीने त्या रात्री जे पाहिले ते तिने राजकीय घटना म्हणून पाहिले नाही. आपल्या लोकांची झालेली धावपळ आणि आपली भीती एवढेच तिने टिपले. म्हणूनच तो वृत्तान्त विश्वसनीय वाटतो.

त्यानंतर ती बेंगॉल थिएटरात गेली. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्यांची नाट्यरूपे त्या काळी जोरात होती. ‘मृणालिनी’तील मनोरमा ही तिची तेथील मोठी भूमिका. कागदावर लिहिलेली मनोरमा प्रत्यक्ष समोर उभी राहील असे आपल्याला वाटले नव्हते, अशा आशयाचे उद्गार बंकिमचंद्रांनी प्रयोग पाहून काढल्याचे तिने नमूद केले आहे. ‘दुर्गेशनंदिनी’त आयेषा आणि तिलोत्तमा या दोन्ही भूमिका तिने केल्या. पुढे गिरीशचंद्र घोषांनी तिला नॅशनल थिएटरात आणले, आणि तेथे ‘मेघनादवधा’त तिने एकाच खेळात सात भूमिका केल्या. हा पराक्रम नाटकवाल्यांच्या काटकसरीतूनही आला असेल; पण प्रमीला आणि सीता या एकमेकींपासून इतक्या दूरच्या स्त्रिया एकाच रात्री उभ्या करणे हे केवळ पोशाख बदलण्याचे काम नव्हे.

गिरीशबाबूंशी तिचे नाते हा या सर्व कथेचा कणा आहे. ते नट, नाटककार, दिग्दर्शक आणि तालीममास्तर. ती वीस वर्षांनी लहान, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेली. त्यांनी तिला संवाद पाठ करून घेण्यापुरते शिकविले नाही. कविता वाचून दाखविल्या, विलायतेतील सिडन्स आणि एलेन टेरी यांच्या अभिनयाविषयी सांगितले, कलकत्त्यात इंग्रजी नाटक येई तेव्हा ते पाहायला लावले, आणि पाहून आल्यावर काय पाहिले याची उलटतपासणी केली. पात्राच्या मनाचा विचार करण्याची सवय तिला येथेच लागली. ती लिहिते त्यावरून, भूमिका तिच्या डोक्यात अष्टौप्रहर चालत असे. अशी शिकवण देणारा आणि घेणारी दोघेही दुर्मिळ. त्या घराण्याला कुलीनतेचे वलय मात्र नव्हते, आणि गुरूला जे सहज मिळे ते शिष्येला मिळत नसे.

नॅशनल थिएटर पुढे प्रतापचंद जहुरी या व्यापाऱ्याच्या हाती गेले. काशीला गेलेली विनोदिनी तेथे आजारी पडली, रजा लांबली; त्या रजेचा पगार देण्यास मालकाने नकार दिला आणि ती बिथरली. गिरीशबाबू व इतर मंडळीही मालकाला कंटाळली होतीच. स्वतःचे नाट्यगृह उभारावे असा बेत ठरला. पैसा नव्हता. गुरमुख राय नावाचा एक तरुण मारवाडी धनिक पैसा घालावयास तयार झाला. अट एकच, विनोदिनीने त्याच्या आश्रयाला राहावे.

त्या वेळी ती दुसऱ्या एका श्रीमंत तरुणाच्या आश्रयाला होती. तो लग्नासाठी गावी गेला होता. परतल्यावर बेत कळताच लाठ्या घेतलेली माणसे आली, आणि एके दिवशी त्याने तिच्यावर तलवार उगारली. वार हार्मोनियमच्या झाकणावर बसला. गुरमुख रायनेही मध्येच पवित्रा बदलला. नाट्यगृहाची कटकट कशाला, त्यापेक्षा रोख ५०,००० रुपये घे, असे त्याने तिला सांगितले. १८८३ मध्ये ५०,००० रुपये म्हणजे काय, हे १० रुपये पगारावर आयुष्य सुरू केलेल्या स्त्रीला निराळे सांगावयास नको. तिने ते नाकारले आणि नाट्यगृहच हवे म्हणून अडून बसली. सहकाऱ्यांनी तिला कलेच्या, मैत्रीच्या आणि सर्वांच्या पोटाच्या नावाने गळ घातली होती. त्यांच्या सांगण्यासाठी तिने देह गहाण टाकला, असेच म्हणावे लागते. तिच्या निवेदनात या व्यवहाराला कुठेही सौम्य नाव दिलेले नाही.

बीडन स्ट्रीटवर जागा घेतली. बांधकाम वेगाने व्हावे म्हणून विनोदिनी स्वतः मातीच्या पाट्या वाहू लागली, मजुरांनी रात्री अधिक काम करावे म्हणून पाटीमागे चार कवड्या देऊ लागली. सर्वांनी तिला सांगितले होते की या नाट्यगृहाला तुझे नाव राहील. पूर्ण नाव नव्हे, इंग्रजी आद्याक्षर, ‘बी’ थिएटर. नोंदणी करून मंडळी परत आली तेव्हा तिने उत्सुकतेने विचारले, नाव काय दिले? दासूबाबूंनी आनंदाने सांगितले, ‘स्टार’. ती खाली बसली. काही क्षण तिच्याने बोलवेना. मग स्वतःला सावरून तिने ठीक आहे म्हटले.

या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बहुधा ते गिरीशबाबूंना दोषी किंवा निर्दोष ठरविण्याच्या दिशेने. वेश्येच्या नावाच्या नाट्यगृहात सभ्य प्रेक्षक येणार नाहीत अशी व्यवहारी भीती यामागे असावी, हे उघड आहे. पण तेच सभ्य प्रेक्षक त्याच स्त्रीला पाहण्यासाठी तिकीट काढून येत होते. पडदा वर गेल्यावर तिचे असणे चालत होते. इमारतीवर, कायम अक्षरांत, असणे चालत नव्हते. शिवाय एका अक्षरावर तडजोड झाली होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘बी’ म्हणजे बीडन स्ट्रीट असेही कोणाला म्हणता आले असते. तेवढे झाकलेले नावसुद्धा जड झाले. (तिच्या नावापुढील ‘दासी’ हे पद अप्रतिष्ठेचे नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे, ब्राह्मणेतर कुलीन स्त्रियाही ते लावीत. गिरींद्रमोहिनी दासी या मान्यवर कवयित्रीचे उदाहरण समोर आहे. अडचण पदाची नव्हती.) बीडन स्ट्रीटवरील ती वास्तू पाचेक वर्षांतच दुसऱ्या मालकाकडे गेली आणि पुढे रस्तारुंदीत नाहीशी झाली. ‘स्टार’ हे नाव १८८८ मध्ये हातीबागानच्या नव्या इमारतीत गेले. डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने त्या हातीबागानच्या ‘स्टार’ला विनोदिनीचे नाव देण्याचे जाहीर केले, त्याचे स्वागत झाले ते योग्यच. मात्र त्या इमारतीची वीट रचली गेली तेव्हा तिने रंगभूमी सोडून वर्ष होऊन गेले होते.

२१ जुलै १८८३ रोजी ‘दक्षयज्ञ’ने ‘स्टार’चा पडदा उघडला. गिरीशबाबू दक्ष, विनोदिनी सती. नवे नाट्यगृह उभे राहिल्यानंतर थोड्याच दिवसांत तिला घरी बसवून पगार द्यावा, असा एक प्रयत्न झाला. गिरीशबाबूंनी तो मोडून काढला. घरच्यांच्या दडपणामुळे गुरमुख रायला नाट्यगृह सोडावे लागले, तेव्हा त्यातला अर्धा वाटा विनोदिनीच्या नावे करावा अशी त्याची इच्छा होती. या वेळी मात्र गिरीशबाबूंनीच तिच्या आईची समजूत घातली की या कटकटीत मुलीने पडू नये. ११,००० रुपयांना नाट्यगृह चौघा पुरुषांच्या मालकीचे झाले. एकाच माणसाने तिची नोकरी राखली आणि मालकी हुकविली. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे त्यांना वाटले नसावे. शिष्येचे स्थान रंगमंचावर, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती.

२ ऑगस्ट १८८४ रोजी ‘चैतन्यलीला’ आली आणि मागचे सगळे झाकोळून गेले. निमाईच्या भूमिकेसाठी विनोदिनी पहाटे गंगास्नान करी, १०८ वेळा दुर्गानाम लिही, आणि ही परीक्षा पार पाड म्हणून गौरांगाची करुणा भाकी. अभिनयाच्या तंत्राची चर्चा करणाऱ्यांना हे भाबडे वाटण्याचा संभव आहे. परंतु गिरीशबाबूंच्या शिकवणीने तिला पात्राचे मन शोधण्याची जी सवय लागली होती, तीच येथे व्रताच्या रूपाने प्रकटली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. प्रयोगाच्या शेवटी ती कित्येकदा बेशुद्ध पडे. एकदा सेंट झेव्हियर्स कॉलेजचे फादर लाफों प्रेक्षागृहात होते, ते रंगपटात येऊन तिला सावध करू लागले. आणि हीच स्त्री त्याच काळात ‘विवाहविभ्राट’ या प्रहसनात विलासिनी कारफर्मा ही नव्या शिक्षणाने फुगलेली बाई रंगवीत होती, कधी कधी ‘चैतन्यलीले’च्याच रात्री. त्या प्रहसनात नवशिक्षित स्त्रीची जी टवाळी आहे तिला हसणारे प्रेक्षक आणि निमाईला पाहून रडणारे प्रेक्षक एकच होते.

२१ सप्टेंबर १८८४ रोजी रामकृष्ण परमहंस ‘चैतन्यलीला’ पाहण्यास आले. प्रयोगानंतर विनोदिनीने पाया पडताच तुला चैतन्य लाभो असा आशीर्वाद त्यांनी दिला. बंगाली रंगभूमीला सभ्य समाजात जी जागा मिळाली तिची सुरुवात या भेटीपासून धरण्याचा प्रघात आहे. कलकत्त्याच्या नाट्यगृहांत रंगपटात रामकृष्णांची तसबीर लावून तिला नमस्कार करून रंगमंचावर जाण्याची चाल त्यातूनच पडली. पुढच्या वर्षी ते आजारी पडून श्यामपुकुर येथे राहिले. भक्तमंडळी बाहेरच्या माणसाला, विशेषतः अशा स्त्रीला, जवळ जाऊ देत नव्हती. विनोदिनी कोट-टोपी घालून साहेब बनली आणि एका परिचिताबरोबर आत गेली. ओळख पटल्यावर रामकृष्ण खूप हसले. दरवाजावर राखण करणाऱ्यांना साहेब चालत होता, नटी चालत नव्हती.

१८८६ च्या अखेरीस तिने रंगभूमी सोडली. वय जेमतेम तेवीस-चोवीस. ‘बुद्धदेवचरित’, ‘बिल्वमंगल’ ही नाटके नुकतीच गाजली होती. उतरती कळा लागल्याचे कोणतेही लक्षण नव्हते. कारणे सांगताना ती मोघम होते. मनाला झालेल्या जखमा, फसवणूक, सहकाऱ्यांशी तुटलेला धागा, असे शब्द येतात. इतरत्र इतकी नेमकी असणारी ही लेखिका येथेच अस्पष्ट होते, याचा अर्थ त्या जखमेला एकच तारीख नव्हती.

यानंतर ती एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या आश्रयाला दीर्घ काळाच्या संबंधाने बांधलेली राहिली. त्याच्याविषयी तिने कमालीच्या आदराने लिहिले आहे. नाव मात्र सांगितलेले नाही. गुरमुख राय सोडला तर आपल्या आश्रयदात्यांची नावे तिने राखली, आणि रंगभूमीवरील सहकाऱ्यांची नावे जशीच्या तशी दिली. घरंदाज पुरुषाची अब्रू सांभाळण्याचा रिवाज तिने शेवटपर्यंत पाळला; थिएटरच्या मंडळींना मात्र तिने आपले मानले होते, म्हणून त्यांच्याकडे हिशेब मागितला. या संबंधातून झालेली मुलगी शकुंतला. तिला शाळेत घालण्याची तिची आणि त्या गृहस्थाची फार इच्छा होती. ती मुलगी कोणाची हे कळल्यावर शाळेचे दार उघडले नाही. १९०४ मध्ये तेरा वर्षांची शकुंतला वारली. १९०५ साली प्रसिद्ध झालेले ‘कनक ओ नलिनी’ हे काव्य विनोदिनीने तिला अर्पण केले आहे. त्याआधी १८९६ मध्ये ‘वासना’ हा कवितासंग्रह निघाला होता. या कविता त्या काळच्या बंगाली कवितेच्या सर्वसामान्य वळणाच्या आहेत आणि त्यांना अकारण मोठेपण देण्याची गरज नाही. गद्य ही तिची खरी वाट.

ते गद्य प्रथम १९१० मध्ये ‘नाट्यमंदिर’ मासिकात दिसले. त्याच वर्षी मराठीत रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी याहून बोलका योग सापडणे कठीण. रमाबाईंच्या पुस्तकाला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. पतीच्या थोरवीचे स्मरण करणाऱ्या साध्वीच्या हातून पुस्तक येत आहे आणि एका थोर पुरुषाने त्याचे बोट धरून वाचकांपुढे आणले आहे, असे त्याचे रूप. ‘आमच्या’ या पहिल्याच शब्दाने रमाबाईंनी आपला ‘मी’ पदराआड घेतला. आतील निवेदनात तो पदर अनेकदा ढळतो, आणि तिथे ते पुस्तक फार सुंदर होते. विनोदिनीला ‘आमच्या’ म्हणण्याची सोय नव्हती. तिच्या शीर्षकात ‘आमार’ आहे, म्हणजे ‘माझी’, आणि ते एकवचन तिने हौसेने निवडलेले नाही.

तथापि प्रस्तावना तिलाही हवी होती. ‘आमार कथा’ पत्ररूप आहे आणि ती पत्रे ‘महाशय’ म्हणून गिरीशबाबूंनाच उद्देशून आहेत. त्यांनी प्रस्तावना लिहिली. आपल्या नाटकांच्या यशात विनोदिनीचा वाटा किती मोठा, हे तीत त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. त्याचबरोबर समाजाविषयीची तिची कडवट भाषा त्यांना रुचली नाही. आत्मकथनात स्वतःला झाकून घेण्याचे कौशल्य असावे, असा त्यांचा अभिप्राय पडला. विनोदिनीने ती प्रस्तावना नापसंत केली. कारण तिने सरळ सांगितले आहे: पुष्कळशा खऱ्या घटना त्यांनी वगळल्या होत्या. सत्य कटू असेल तर सर्व ठिकाणी ते सांगावयाचे नसते, असे त्यांचे म्हणणे होते. फेरप्रस्तावना लिहून देण्याचे त्यांनी कबूल केले, आणि ८ फेब्रुवारी १९१२ रोजी ते वारले. पुस्तक त्यांच्या प्रस्तावनेवाचून निघाले.

दोन सत्यांमधला हा झगडा आहे. गिरीशबाबूंना लेखनातही नाटकाप्रमाणे परिणाम हवा होता. जे सांगितल्याने रसभंग होतो ते पडद्यामागे ठेवावे. विनोदिनी आयुष्यभर त्यांच्याच तालमीत वाढलेली, तिला परिणाम कळत नव्हता असे नाही. तरीही तिने लखलखीत तपशील मागितले: नोंदणी कोणी केली, कोण काय म्हणाले, किती रुपये. ज्यांना ती गुरू मानत होती त्यांच्याच हातून ती नोंद तिला हवी होती, कारण तिच्या एकटीच्या साक्षीला बाजारात किंमत नव्हती, हे तिला पक्के माहीत होते. १९१३ च्या नव्या आवृत्तीत तिने तीच अपुरी प्रस्तावना छापली. आपली तक्रार आणि गुरूचा लेख, दोन्ही एकाच पुस्तकात, एकमेकांसमोर. वाचकाने दोन्ही वाचून काय ते ठरवावे. पहिल्या आवृत्तीनंतर दीड वर्षाच्या आत, आश्रयदात्याच्या मृत्यूमुळे आधार सुटलेल्या एका पन्नाशीच्या स्त्रीने हा निर्णय घेतला, याकडे तिच्या चरित्रकारांचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही.

१९१२ हे वर्ष मराठी रंगभूमीच्याही या बाजूच्या इतिहासात येते. हिराबाई पेडणेकर या कलावंतीणीच्या कुळातल्या लेखिकेचे ‘दामिनी’ हे नाटक त्या वर्षी ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटककार स्त्री, आणि तिच्या नायिकेच्या वेषात पुरुष. हिराबाईंनी आत्मकथन लिहिले नाही. पुढे त्यांच्या जीवनावर वसंत कानेटकरांनी ‘कस्तुरीमृग’ लिहिले. विनोदिनीवरही बंगालमध्ये नाटके व जात्रा झाल्या, आणि ब्रजेंद्रकुमार दे यांची ‘नटी विनोदिनी’ ही जात्रा तर अफाट लोकप्रिय ठरली. फरक इतकाच की विनोदिनीची कहाणी कोणी रंगवून सांगितली तर तिची मूळ जबानी ताडून पाहण्यास हाताशी आहे. १९६९ मध्ये सौमित्र चट्टोपाध्याय आणि निर्माल्य आचार्य यांनी तिचे समग्र लेखन संपादून ती जबानी पुन्हा उपलब्ध करून दिली. संपादकांपैकी एक स्वतः मोठा नट असावा, हे त्या पुस्तकाला साजेसे झाले.

साठी ओलांडल्यावर, १९२४-२५ मध्ये, विनोदिनीने ‘रूप ओ रंग’ या पत्रात पुन्हा आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. ‘आमार कथा’तील शोकाचा स्वर यात ओसरला आहे. येथे समोर ‘महाशय’ नाहीत, तक्रार नाही. पहिल्या रात्रीचे भय, उसने आणलेले पोशाख, दौऱ्यातील मुक्काम, बरोबरीच्या मुलींशी झालेली भांडणे आणि गट्टी, मोठ्या नटांचे रंगपटातील वागणे असे तपशील येतात, आणि ज्या कामात तिने आपले सर्वस्व ओतले त्या कामाचा आनंद प्रथमच मोकळेपणी उमटतो. ही लेखमाला काही प्रकरणांनंतर थांबली. ती १९४१ पर्यंत हयात होती. आठवणींचा धागा मात्र तिने जिथे सोडला तिथे ती अजून वयाने लहान आहे, मंडळीबरोबर आहे, आणि ‘स्टार’चा पाया खणला जायला अवकाश आहे.